दाराले मारायचा रंग

गेल्या उन्हाळ्यात मी अंगणात पाटावर बसून गाडीचा पत्रा घासत होतो, तेव्हा फाटकापाशी थांबणाऱ्या प्रत्येकानं पहिला प्रश्न एकच विचारला : ‘चालते का?’ दूधवाल्यानं विचारला, पोस्टमननं विचारला. समोरच्या घरातले निवृत्त एसटी ड्रायव्हर काका तर रोज सकाळी विचारायचे, जणू रात्रीतून तिला पाय फुटण्याची आशा त्यांनी सोडलेली नव्हती. मी रोज ‘नाही’ म्हणायचो. मग दुसरा प्रश्न यायचा : ‘मंग रंगवून कायले राह्यले, सर?’ याला माझ्याकडे उत्तर नव्हतं असं नाही, पण ते फाटकावर उभं राहून देण्यासारखं नव्हतं. देवळाचा कळस कुठे चालतो? शाळेतला फळा आम्ही दर जूनमध्ये काळा कुळकुळीत करतो, तोही बिचारा आहे त्या भिंतीवरच वर्ष काढतो. चालत नसलेल्या वस्तूंवर माणसानं चालणाऱ्या वस्तूंपेक्षा अंमळ जास्तच रंग खर्च केलेला आहे. पण हे मनातल्या मनात. तोंडानं मी ‘सुट्या आहेत ना’ एवढंच म्हणत असे, आणि मास्तरांच्या सुट्यांविषयी गावाचं जे मत असतं ते घेऊन माणसं पुढे जात.

गाडी म्हणजे १९९२ सालची प्रीमिअर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यात जन्मलेली, रंगानं क्रीम, चेहऱ्यानं थोडी आश्चर्यचकित. तिच्या मुंबईकर बहिणी काळ्या-पिवळ्या होऊन टॅक्सीच्या रांगेत उभ्या राहिल्या, म्हाताऱ्या झाल्या, आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून त्यांतली शेवटचीही रस्त्यावरून गेली. तेव्हा वर्तमानपत्रांनी हळहळून फोटो छापले. आमचीवर कोणी लिहिलं नाही, कारण ती त्याआधीच अकरा वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये तुरीच्या पोत्यांना टेकून उभी होती, आणि मागच्या सीटवर एक कोंबडी नेमानं अंडी घालत होती. बाबांनी ती जुनीच घेतली, १९९८ च्या पावसाळ्यात. तारीख घरात सगळ्यांना पाठ आहे, कारण त्याच १ जुलैला आमचा वाशिम जिल्हा अकोल्यापासून वेगळा झाला. पुढे नव्या जिल्ह्याला एमएच ३७ हा स्वतःचा आकडा मिळाला, पण गाडीच्या कपाळी एमएच ३० म्हणजे अकोलाच राहिलं. सासरी येऊन माहेरचं नाव लावणाऱ्या बाईसारखी ती गावात फिरायची. तसं जिल्ह्याचंही हे काही पहिलंच रूप नव्हे. इंग्रजांच्या काळात ‘बासिम’ नावाचा वेगळा जिल्हा होताच, तो १९०५ साली पुसून अकोल्याच्या रंगात मिसळला गेला आणि त्र्याण्णव वर्षांनी पुन्हा खालून वर आला. जुन्या रंगाची ही खोडच असते.

बाबा कृषी खात्यात कारकून होते आणि मनानं शेतकरी. मालेगावजवळ (आमच्या, नाशिककडच्या नव्हे) चार एकर जमीन आणि एक बैलजोडी, आणि या जोडीला तिसरी म्हणून पद्मिनी. तिन्हींशी त्यांचं वागणं सारखंच होतं. निघण्याआधी पाठीवर हात फिरवायचा, चढ आला की तोंडानं काही तरी पुटपुटायचं, उतारावर गप्प बसायचं. ताशी चाळीसच्या वर ते कधी गेले नाहीत. एकच चमत्कारिक सवय : घरी आलं की गाडी दोन-तीनदा मागेपुढे घेऊन ती डावी बाजू कंपाउंडच्या भिंतीला अगदी चिकटवून उभी करायची. त्यामुळे शेजारी बसलेल्या आईला आपल्या बाजूनं उतरताच यायचं नाही. पद्मिनीची पुढची सीट सलग बाकासारखी, गियरचा दांडा स्टिअरिंगलाच, त्यामुळे मधे अडथळा काही नसे. आई पिशवी मांडीवर घेऊन, पदर सावरत, सरकत सरकत ड्रायव्हरच्या दारातून बाहेर यायची. बाबा या प्रकाराला वास्तुशास्त्र म्हणत. आई काहीच म्हणत नसे.

रंगाशी माझी पहिली ओळखही बाबांनीच करून दिली, पोळ्याच्या निमित्तानं. वऱ्हाडात श्रावणी अमावास्येच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे तूप-हळदीनं शेकतात, त्यांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं रीतसर आवतण देतात, आणि सकाळी न्हाऊ घालून शिंगं रंगवतात. बाबा त्यासाठी पाव लिटरचा ऑइलपेंटचा डबा आणत. त्या डब्यांवर तेव्हा गट्टू असायचा, आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ साली काढलेला तो कपाळावर केसाची झुलपी आलेला पोरगा, हातात रंग ठिबकणारा ब्रश घेतलेला. एवढ्या मोठ्या कंपनीनं रंग नीट न मारता येणारा मुलगा आपल्या खुणेसाठी का निवडला असेल, असा मला लहानपणी प्रश्न पडे. आता तो मुलगाच मला सगळ्या जाहिरातींत प्रामाणिक वाटतो. चार शिंगांना पाव लिटर रंग जास्तच होतो. उरलेला वाया घालवणं पापच, म्हणून तो खिडकीच्या गजांना, लोखंडी पेटीला, बाजेच्या पायांना, एकदा तर देवघराच्या दाराला लागला. आमच्या घरातल्या वस्तूंवरून पोळ्यांची सनावळ लावता येते. पेटी हिरव्या वर्षाची, गज निळ्या वर्षाचे, विहिरीचा रहाट लाल वर्षाचा. पिवळं वर्ष मात्र एकदाच झालं, २००३ साली, दुकानात दुसरा रंग उरला नव्हता म्हणून. त्याची साक्ष म्हणून आईची बाज आजही चार पिवळ्या पायांवर उभी आहे.

तेव्हा पद्मिनी रंगवायचं मनात आलं आणि गॅरेजवाल्यानं सांगितलेला आकडा ऐकून ते पुन्हा मनातच जाऊ लागलं, तेव्हा मला आठवला तो हाच ऑइलपेंट. क्रीम रंग मी ठरवला नाही, तो आरसी पुस्तकानं ठरवला. त्यात रंगाचाही रकाना असतो, आणि गाडीचा रंग बदलला तर आरटीओत जाऊन तशी नोंद करून घ्यावी लागते. जिची नोंदणी २०१२ सालीच संपली तिच्यासाठी ही काळजी म्हणजे वारलेल्या माणसाचं रेशनकार्ड जपून ठेवण्यासारखं होतं, पण मी सरकारी नोकराचा मुलगा आहे. दोन लिटर क्रीम, एक लिटर रेड ऑक्साइड, टर्पेंटाइनची बाटली, स्पंजचे छोटे रोलर, पुट्टी (जिला आमच्याकडे कारागीर लांबी म्हणतात) आणि वॉटर पेपरची चळत घेऊन मी घरी आलो. स्टँडजवळचा एक ओळखीचा डेंटर-पेंटर जाता जाता डोकावला. त्यानं डबा उचलून पाहिला, खाली ठेवला, आणि आजाऱ्याच्या नातेवाइकाशी बोलावं तशा आवाजात म्हणाला, ‘सर, ऑइलपेंट दाराले मारायचा राहते. गाडीले ड्यूको लागते.’ मी म्हटलं, ‘हिलाही चार दारंच आहेत की.’ तो हसला नाही. त्याच्या धंद्याची थट्टा झाली होती, आणि ती करणारा माणूस त्याच्या मुलीला गणित शिकवत होता, म्हणून तो गप्प राहिला.

ड्यूको हा शब्द मात्र डोक्यात घोळत राहिला. आपल्याकडे सुताराला आणि पेंटरला तो इतका घरचा वाटतो की तो कुठल्या कंपनीचा असेल असं मनातही येत नाही. तो अमेरिकेतल्या ड्यूपाँटचा, १९२० च्या दशकातला. त्याआधी मोटारी ब्रशनं, तेलाच्या रंगानं आणि व्हॉर्निशनं रंगवत, एकेका थराला वाळायला वेळ देत, आणि एक गाडी पुरी व्हायला आठवड्यांमागून आठवडे जात. ड्यूकोनं ते काम दिवसांवर आणलं. म्हणजे मी करत होतो तो अडाणीपणा नव्हता, फक्त शंभर वर्षं उशिरा केलेली रीतसर गोष्ट होती. हे मी घरात बोलून दाखवलं. ‘अहो, पण तेव्हाच्या माणसांकडे आठवडे असायचे,’ असं आतून उत्तर आलं.

घासणं हा या उद्योगातला खरा भाग आहे. रंग देणं ही त्याची शेवटची दोन मिनिटं. ऐंशी नंबरच्या पेपरनं सुरुवात करायची, मग एकशेवीस, मग दोनशेवीस, मग चारशेच्या वॉटर पेपरनं पाणी सोडत सोडत. आकडा जितका मोठा तितका कागद मऊ. वयाचंही तसंच व्हावं अशी आपली एक अपेक्षा. पाण्याबरोबर क्रीम रंगाचं दूध ओघळतं, त्याखालून करडा प्रायमर दिसतो, त्याखाली पत्रा, आणि कुठे कुठे पत्राही नाही, नुसता गंज, हात लावला की चहात बुडालेल्या बिस्किटासारखा गळून पडणारा. मे महिन्याच्या त्रेचाळीस डिग्रीत, कडुलिंबाच्या सावलीमागे पाट सरकवत, मी रोज वीतभर खाली खोदत होतो. मागच्या डाव्या चाकाच्या वर, मडगार्डवर, एक हातभर लांबीचा मळकट पट्टा होता. काळ्या मातीचा जुना डाग, असं आम्ही सगळे वीस वर्षं धरून चाललो होतो. ओल्या फडक्यानं पुसला तर माती गेली आणि खाली पिवळट रंग निघाला. गाडीच्या क्रीमच्या जवळ जाऊ पाहणारा, पण न पोचलेला. पांढऱ्यात पिवळा टाकून तो बनवलेला होता, आणि पिवळा थोडा जास्त पडला होता. मी कागद खाली ठेवला आणि घरात जाऊन बाजेचे पाय पाहून आलो.

खाली प्रायमर नव्हता. मातीसुद्धा धड पुसलेली नव्हती. पत्रा कशाला तरी घासून आत गेला होता. शेताच्या फाटकाला की बैलगाडीच्या आऱ्याला, ते आता कोण सांगणार. आणि त्यावर कोणी तरी, घाईघाईनं, अंधारात असावा असा, पोळ्याच्या उरलेल्या रंगाचा हात मारला होता. एक ओघळ खाली येऊन तसाच वाळला होता, आणि त्यात ब्रशचा एक केस अडकून राहिला होता. मी आईला हात धरून अंगणात आणलं आणि दाखवलं. तिनं चष्मा वर केला, वाकून पाहिलं. ‘थे पिवळं होय? मले ठाऊक होतं.’ मी विचारलं, मग इतकी वर्षं बोलली का नाहीस? ‘थे बोलले नाही, मंग मी कायले बोलू,’ ती म्हणाली आणि उन्हं चढली म्हणून आत गेली. म्हणजे २००३ पासून गाडी बंद पडेपर्यंत, दर खेपेला, ती बाई पदर सावरून त्या बाकावरून सरकत आली होती.

लांबी भरायची तर तो पट्टा घासणं भागच होतं, आणि मी घासला. चकचकीत रंगावर दुसरा रंग धरत नाही, तिथे भावना उपयोगाच्या नसतात. केस मात्र निघाला नाही. तो चिवट होता. त्यावरूनच लांबी फिरवली. लांबी भरताना माझ्या मनात नेहमी अजिंठा येतो, आणि यात गावाचा थोडा दर्प आहे हे मी कबूल करतो. वाशिम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. पाचव्या शतकात इथल्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव यानं अजिंठ्याचं सोळावं लेणं कोरवून घेतलं. राजशेखर तर सांगतो की काव्यपुरुषाचं साहित्यविद्येशी लग्न लागलं तेही वत्सगुल्मातच. वरात कशातून निघाली ते त्यानं लिहिलेलं नाही. तर त्या लेण्यांतल्या कारागिरांनीही खडबडीत खडकावर आधी माती, भाताचा तूस आणि गवताचे तंतू कालवून थर दिला, त्यावर चुन्याचा पातळ हात फिरवला आणि मग रंग. लांबी, प्रायमर, रंग, क्रम तोच. त्यांचा लाल आणि पिवळा मातीतूनच येई, काळा काजळीतून. फक्त निळ्यासाठी लाजवर्दाचा दगड पार अफगाणिस्तानकडून आणावा लागे. सामानाच्या यादीत एखादी तरी वस्तू परवडणारी नसतेच. शेजारच्या काकांनी मला वरून व्हॉर्निशचा हात मारायला सुचवलं, तेव्हा मी अजिंठ्याचाच दाखला देऊन नकार दिला. १९२० च्या सुमारास निजामाच्या सरकारनं इटलीहून तज्ज्ञ आणवले आणि चित्रं टिकावीत म्हणून त्यांनी त्यांवर लाखेचा थर दिला, तो पुढे पिवळा पडून चित्रांवरच बसला. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘पण चालते का?’

ऑइलपेंट वाळत नाही, असं म्हणणं जास्त खरं ठरेल. टर्पेंटाइन उडून जातं, पण रंग घट्ट होतो तो त्यातलं तेल हवेतला प्राणवायू ओढून घेतं म्हणून. तो तास न् तास श्वास घेत पडलेला असतो. हे तेल बहुधा जवसाचं नाही तर सोयाबीनचं, आणि हे मला कळलं तेव्हा मी डब्याकडे नव्या नजरेनं पाहिलं. आमच्या चार एकरांत ज्वारी आणि कापूस गेल्यावर जे पीक आलं, ज्याच्या भावावर वाशिमच्या बाजारात माणसांचे चेहरे पडतात आणि उजळतात, ते असं मागच्या दारानं माझ्या गाडीवर चढत होतं. हेन्री फोर्डला हे फार आधी सुचलं होतं. ज्यानं १९१४ पासून अकरा-बारा वर्षं आपली मॉडेल टी फक्त काळ्या रंगात विकली, तोच पुढे सोयाबीनच्या नादी लागला. १९३० च्या दशकात त्याच्या गाड्यांच्या रंगात सोयाबीनचं तेल पडू लागलं, आणि १९४१ च्या ऑगस्टमध्ये त्यानं सोयाबीनची गाडी म्हणून प्लास्टिकच्या अंगाची एक मोटारच लोकांपुढे आणली. त्याआधी एकदा तर प्लास्टिकच्या डिकीवर कुऱ्हाड हाणून दाखवली होती. आमच्याकडे सोयाबीन पिकवणाऱ्याला अशी कुऱ्हाड उचलावीशी वाटते, पण कारणं वेगळी असतात.

मे महिन्यात दिलेला पहिला हात वरून लगेच वाळला आणि आतून ओला राहिला, त्यामुळे जिथे थर जाड होता तिथे दुधावरच्या सायीसारख्या सुरकुत्या पडल्या. त्या घासून काढल्या. दुसऱ्या हाताच्या दिवशी वावटळ आली. तिसरा हात संध्याकाळी दिला, तर अंगणातला दिवा पाहून आलेले किडे बॉनेटवर उतरले आणि तिथेच राहिले. आजही उजेड तिरपा पडला की एक पतंग पंख पसरून बसलेला दिसतो. मग पाऊस लागला आणि रंगाचा श्वासच कोंडला. शेडमध्ये आठ दिवस चिकट राहिलेल्या छतावर मांजरानं एका रात्री येण्याचा आणि जाण्याचा मार्ग उमटवला. रोलरनं जो बारीक दाणेदार पृष्ठभाग उठतो त्याला जगभरचे पेंटर संत्र्याची साल म्हणतात आणि तो दोष मानतात. आम्हा वऱ्हाडातल्या माणसांना त्यात दोष कसा दिसावा, मला समजत नाही.

पोळा झाला, दसरा झाला, आणि उजवी बाजू, बॉनेट, छत, डिकी असं सगळं पुरं झालं तेव्हा क्रीमचा दुसरा डबाही संपला. डाव्या बाजूचा शेवटचा हात राहिला होता. दुकानात गेलो तर क्रीम नाही. दिवाळीनंतर येईल, म्हणाले. दुकानदारानं पांढरा डबा पुढे केला आणि पिवळ्या स्टेनरची बाटली : ‘थेंब थेंब टाकत जा सर, जमून जाते.’ मी अंगणात बसून थेंब थेंब टाकत गेलो. ढवळलं, काडी बुडवून उजव्या दारावर धरली, फिकं वाटलं, आणखी टाकलं. ओला रंग एक दिसतो आणि वाळलेला दुसरा, हे मला तोवर पुरतं ठाऊक झालेलं होतं. तरीही संध्याकाळ होत आली होती, उजेड जात होता, आणि रंग कालवून बसलेल्या माणसाला उद्यापर्यंत थांबायला कोण सांगणार.

सकाळी आईनं खिडकीतून पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं. ती काही बोलली नाही.

चार दिवसांनी गल्लीतली पोरं बोलावली, ड्रायव्हर काकांना स्टिअरिंगवर बसवलं आणि आम्ही गाडी ढकलत शेडमधून अंगणात आणली. काकांनी हौसेनं दोन-तीनदा मागेपुढे घ्यायला लावली. शेवटी ती नीट उभी राहिली, डावी बाजू भिंतीला लागून.